स्तंभाला फायबरचे वेष्टन देण्यापूर्वी
काँक्रीटचा स्तंभ मजबूत करण्यासाठी त्याभोवती फायबरच्या तंतूंचे कापड इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या रासायनिक गोंदाने, चिकटवतात. ते कापड हाती घेण्याआधी स्तंभावर हातोडीने हलकेच ठोकून पाहा. बद्द, पोकळ आवाज आला, तर बहुधा आतली सळई गंजून वरचे काँक्रीट सुटले आहे असे समजा, आणि ते काढून, सळई घासून, दुरुस्ती पूर्ण केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण वेष्टन गंज झाकते, बरा करत नाही. चौकोनी स्तंभाचे कोपरे किमान 13 मिलिमीटर त्रिज्येने गोल करणे मी कोणालाही टाळू देत नाही. धारदार कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि तंतू तिथेच तुटतात. तरीही वेष्टनाची गोल स्तंभाइतकी पकड चौकोनीला मिळत नाही, हे गणितात धरावेच लागते. तंतू परिघाच्या दिशेने असू द्या, पृष्ठभाग कोरडा ठेवा आणि इपॉक्सी घट्ट झाल्यावर पुन्हा ठोकून आत राहिलेल्या पोकळ्या शोधा.