जुन्या छोट्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे झिजलेले भाग कमी खर्चात कसे बदलावेत?

क्लच सोडताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना खालून 'टण्ण' होतं, आणि मेकॅनिक ट्रान्सफर केससकट (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी) पुढचा-मागचा असे दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद ॲक्सलपर्यंत नेणारे दांडे) बदला म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात होकार देऊ नका. तुमची गाडी जिप्सीच्या धाटणीची, म्हणजे ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी असलेली आहे असं धरून सांगतो. अशा गाडीत शाफ्ट तीन (तिसरा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधला) आणि क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे अधिकच्या चिन्हासारखे सांधे, सहा. प्रत्येक क्रॉसमध्ये किंचित प्ले (ढिलेपणा) असला तरी सगळ्यांची बेरीज होऊन धक्का मोठा बसतो आणि दोष मात्र ट्रान्सफर केसवर जातो.

आधी प्ले नेमका कुठे आहे ते शोधा. गाडी सपाटीवर, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, गिअर न्यूट्रल. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने त्याला जोडलेला फ्लँज (बोल्टांची चकती) धरून उलटसुलट पिळा. दोघांत जरा जरी फरक जाणवला तर तो क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या टोप्यांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडल्यात, पिळून बघायचीही गरज नाही. मग ट्रान्सफर केसचे रबर माउंट बघा. फाटलेल्या माउंटवर अख्खी केस वळते, आणि तो धक्का हुबेहूब गिअर झिजल्यासारखा वाटतो. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारीही हीच.

क्रॉस घरी बदलता येतो. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटच्या (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) दोन्ही भागांवर रंगाची रेघ मारा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कानांचे भाग) एका रेषेत नसतील तर नवे क्रॉस घालूनही वेग वाढला की गाडी थरथरते. गुटके मात्र काढू नका: मागचा शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, आणि काही जुन्या मॉडेलांत हँडब्रेकसुद्धा ट्रान्सफर केसवरच असतो.

टोप्या अडकवून ठेवणारे लॉक काढून योक वाइसमध्ये धरा. एका बाजूला टोपीपेक्षा लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूला टोपी आत मावेल असा मोठा, आणि दाबत जा. नवी टोपी बसवताना सगळ्या सुया ग्रीसमध्ये उभ्या आहेत ना ते पाहा. एखादी आडवी पडली की टोपी मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेरच राहते आणि लॉकची खाच दिसत नाही. इथे बहुतेक जण हातोडी उचलतात आणि नव्या क्रॉसची वाट लावतात. टोपी काढा, सुई उभी करा, पुन्हा दाबा. लॉक बसल्यावर योकच्या कानांवर हलकेच ठोका, म्हणजे जॉइंट मोकळा होतो. कुठेही न अडकता तो चारी दिशांना फिरायला हवा. ग्रीस निपल गन पोचेल अशा बाजूला येतोय ना, हे मात्र दाबण्याआधीच बघायचं.

पुढच्या ॲक्सलवर चाकाच्या आत गोल नकलवरून (ॲक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा सांधा) तेल गळत असेल, तर फक्त बाहेरचं सील बदलून भागत नाही. आतलं ॲक्सल सील गेलेलं असतं, डिफरन्शिअलचं (ॲक्सलमधली गिअरची पेटी) तेल नकलमध्ये येऊन ग्रीस धुऊन काढतं. चाक वर-खाली धरून हलवा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे ज्यावर नकल वळतं ते. वळताना सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवत ठेवणारा सांधा) कटकट करतोय पण गोळ्यांच्या खाचा फुटलेल्या नाहीत, अशा वेळी डाव्या-उजव्या जॉइंटची अदलाबदल करा. भार खाचेच्या न झिजलेल्या बाजूवर येतो आणि काही काळ निभतं.

डिफरन्शिअल गळत असेल तर सीलच्या आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) साफ करा. तो तुंबला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर काढतो. पिनियन (शाफ्टकडचा लहान गिअर) सील बदलताना नटाची जागा खुणेने पक्की करून ठेवा आणि नट त्याच खुणेवर आणा. जास्त आवळला तर आतली क्रश स्लीव्ह (बेअरिंगमधलं अंतर राखणारी नळी) दबते आणि बेअरिंग जळते. फ्लँजवर जुन्या सीलने चर पाडला असेल तर नवं सील १-२ मिमी वेगळ्या खोलीवर बसवा.

पैसे खरे वाचतात ते खरेदीत. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. तेच आकडे घेऊन चांगल्या कंपनीचं बेअरिंग आणि सील घ्या. गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं. पण क्रॉस अगदी हलका घेऊ नका, तोच शाफ्ट पुन्हा उतरवावा लागेल.

जुनं डिफरन्शिअल घेणार असाल तर रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, ते आधी मोजा. तुमच्या गाडीचं एक मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल. उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील तो रेशो. सुट्या डिफरन्शिअलमध्ये क्राउनचे (मोठ्या गिअरचे) दात भागिले पिनियनचे दात. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा निघाला, तर फोर-व्हील घातल्याबरोबर ट्रान्सफर केसवर ताण येतो. पुढेमागे वेगळ्या मापाचे किंवा कमी-जास्त झिजलेले टायर हाच उद्योग हळूहळू करतात, आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळणं घेणंही.