क्यूब्स ओएसचा बॅकअप : संपूर्ण डिस्क नको, क्यूब पाहून ठरवा

नमस्कार. धुळ्यातील तुमच्या करसल्ला कार्यालयाच्या संगणकावर क्यूब्स ओएस (प्रत्येक कामाला 'क्यूब' नावाचा वेगळा आभासी संगणक देणारी कार्यप्रणाली) असून बँक, अशीलांची कागदपत्रे, ईमेल आणि अनोळखी फाइली यांसाठी स्वतंत्र क्यूब आहेत. रोज रात्री संपूर्ण डिस्कची नक्कल घ्यावी की निवडक क्यूबचा बॅकअप घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते संपूर्ण डिस्कच्या मागे लागू नये.

टेम्प्लेटवर, म्हणजे अनेक क्यूबना सामायिक असलेल्या साच्यावर, चालणाऱ्या क्यूबची मूळ प्रणाली टेम्प्लेटमधून येते आणि तीत केलेले बदल क्यूब बंद होताच पुसले जातात. टिकून राहतो तो मुख्यतः होम फोल्डर. म्हणून पुन्हा उतरवून घेता येणारी टेम्प्लेट प्रत्येक वेळी बॅकअपमध्ये घालण्यात अर्थ नाही. त्यात आपण वेगळे काय बसवले, याची यादी व्हॉल्टमध्ये (नेटवर्कला न जोडलेल्या, पासवर्ड ठेवायच्या क्यूबमध्ये) ठेवली की पुरे. विंडोजसारखा स्टँडअलोन (टेम्प्लेटवर न चालणारा) क्यूब मात्र संपूर्णच घ्यावा लागतो. बंद करताच पुसल्या जाणाऱ्या डिस्पोजेबल क्यूबचा तर प्रश्नच नाही.

क्यूब्सचे स्वतःचे बॅकअप साधन फक्त बदललेला भाग उचलत नाही, प्रत्येक वेळी पूर्ण प्रत करते. त्यामुळे वेळ वाचवायचा असेल तर क्यूबच नीट विभागावे लागतात. जुन्या आकारणी वर्षांची कागदपत्रे वेगळ्या क्यूबमध्ये हलवा आणि त्यात भर पडेल तेव्हाच त्याचा बॅकअप घ्या. चालू वर्षाचा क्यूब आणि पासवर्डचा व्हॉल्ट रोज संध्याकाळी, ईमेल आठवड्याने, एवढे पुरते. फक्त बदल साठवणारे विंग नावाचे त्रयस्थ साधन आहे, पण ते डोम-झिरोमध्ये (सर्व क्यूबवर ताबा असणाऱ्या मुख्य भागात) बसवावे लागते आणि डोम-झिरोत बाहेरचे काहीही आणताना मी दहादा विचार करतो.

आता माझी फजिती सांगतो. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचे हिशेब मी एका क्यूबमध्ये ठेवत असे आणि तो क्यूब अठरा दिवस बंदच केला नव्हता. बॅकअप मात्र नेमाने घेत होतो. चालू क्यूबचा बॅकअप घेतला, तर तो क्यूब सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीचा असतो. तसा इशारा पडद्यावर येतो आणि मी तो रोज वाचल्यासारखे करून पुढे जात होतो. डिस्क गेली, बॅकअप परत आणला, तर शेवटची नोंद अठरा दिवसांपूर्वीची! गाड्यांच्या पावत्या समोर घेऊन सगळे पुन्हा टंकावे लागले. तेव्हापासून आधी क्यूब बंद करतो आणि मगच बॅकअपला हात लावतो.

बाहेरची डिस्क डोम-झिरोला थेट जोडू नका. ती यूएसबी क्यूबला (यूएसबी उपकरणे हाताळणाऱ्या वेगळ्या क्यूबला) जोडून बॅकअपचे ठिकाण म्हणून तोच क्यूब निवडा. डेटा डोम-झिरोमध्येच कूटबद्ध होऊन बाहेर पडत असल्याने यूएसबी क्यूबच्या हाती वाचण्यासारखे काही लागत नाही. बॅकअप एकाच मोठ्या फाइलमध्ये तयार होतो, तेव्हा फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर तो ४ जीबीला अडतो. डिस्क ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करून घ्या. मध्येच वीज गेली तर अर्धवट फाइलवर विसंबता येत नाही, म्हणून यूपीएस हवाच.

बॅकअप उघडण्याचा लांब पासवर्ड, म्हणजे पासफ्रेज, केवळ व्हॉल्टमध्ये ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच टाकून कुलूप लावणे. ती कागदावर लिहून घरी ठेवा. दुसरी डिस्क गावाबाहेर असावी. माझी अमळनेरला बहिणीच्या कपाटात असते आणि दर महिन्याला बदलली जाते. मे महिन्यात ती नेताना उन्हात उभ्या गाडीत सोडून लग्नाच्या पंगतीला बसू नका, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

प्रत्येक बॅकअपनंतर पुनर्स्थापनेच्या खिडकीत 'फक्त पडताळणी' हा पर्याय निवडून फाइल तपासा. शिवाय तिमाहीत एकदा, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, एखादा क्यूब खरोखर परत आणून त्यातील कालची फाइल उघडून पाहा.