पागडीच्या घरात भाडेकरू नेमके काय विकतो?

घर मालकाचे असताना मुंबईतला भाडेकरू ते ‘विकतो’ म्हणजे काय करतो, असे आपण विचारले आहे. तो घर विकत नाही. भाडेपावतीवर आपल्या नावाच्या जागी दुसऱ्याचे नाव चढवून देण्याचा हक्क विकतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत दागिन्यांपेक्षा जास्त जपला जाई तो सुतळीने बांधलेला भाडेपावत्यांचा गठ्ठा.

याचे मूळ १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात आहे. महायुद्धाच्या काळात बांधकामे रखडली होती, शहरात माणसांची रीघ लागली होती आणि फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. अशा वेळी सरकारने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाणभूत भाडे ठरवले आणि नियमित भाडे भरणाऱ्याला ठरावीक कारणांखेरीज घराबाहेर काढण्यास मनाई केली. त्या परिस्थितीत हा निर्णय योग्यच होता, असे मला वाटते. चूक पुढे झाली. ठरावीक मुदतीसाठी आलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकला, आणि भाडे मात्र १९४० मध्येच अडकून पडले. बाजारभाव आणि भाडे यांतली दरी नवा येणारा रोख रकमेने भरून काढू लागला, हीच पागडी. तिच्यातला साधारण एक तृतीयांश वाटा नाव बदलून देण्यासाठी मालकाकडे जाई. कायद्याला हे मान्य नसल्याने व्यवहार अर्थातच तोंडी होत.

भाड्यातून रंगसफेदीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले. १९६९ मध्ये जुन्या इमारतींवर उपकर, म्हणजे बोलीभाषेतला ‘सेस’, बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमण्यात आले. आमच्या गॅलरीला लाकडी टेकू लागले ते माझ्या लहानपणी. ते इतकी वर्षे राहिले की आम्ही त्यांना कपड्यांच्या दोऱ्या बांधत असू.

भाडे असे गोठवून ठेवणे आता अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पागडी घेणे वैध केले आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे!

मात्र या हक्काची आजची किंमत स्वस्त भाड्यापेक्षा पुनर्विकासातून येते. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली, तर पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळते. आम्ही आमच्या दोन खोल्या दिल्या तेव्हा घेणाऱ्या गृहस्थांनी खोल्यांकडे धड पाहिलेही नाही. त्यांनी आधी पावती मागितली, तिच्यावरचे नाव दोनदा वाचले आणि वडिलांना विचारले, “काका, बिल्डिंग सेसची आहे ना?”