दर शुक्रवारी कुडाळची गाडी

प्रश्न : मी कुडाळजवळच्या एका गावातली. पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. येऊन दीड महिना झाला, पण मन रमत नाही. दर शुक्रवारी रात्री एसटी धरते, सोमवारी सकाळी परत. येताना रडू आवरत नाही. मी बोलले की मुली माझ्या मालवणी हेलाला हसतात. रूममेट लातूरची, ती हेडफोन घालून भिंतीकडे तोंड करून पडून असते. आई म्हणते, ‘नसेल जमत तर ये परत.’ अ‍ॅडमिशन रद्द करून घराजवळ बीएस्सी करू का?

उत्तर :
अगं, असले निर्णय रविवारी रात्रीच्या एसटीत घ्यायचे नसतात. पहिलं सेमिस्टर संपू दे. तुझ्या पत्रात एकाही विषयाबद्दल तक्रार नाही, म्हणजे तुला इंजिनिअरिंग नकोसं झालेलं नाही, घर हवंसं झालंय. ही दोन दुखणी वेगळी आहेत. फी परतीचे नियम आणि तारखा मात्र ऑफिसात आत्ताच विचारून ठेव.

आता त्या गाडीविषयी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फार झळ लागत नाही, मान्य. पण हॉस्टेलातल्या ओळखी होतात त्या शनिवार-रविवारीच. मुली तुळशीबागेत भटकतात, रविवारी संध्याकाळी मेस बंद म्हणून चौघीजणी मिळून बाहेर खातात, एकत्र बसून असाइनमेंट उतरवतात (हो, उतरवतात, मावशीला सगळं ठाऊक आहे). तू तेव्हा घाट उतरून गेलेली असतेस. सोमवारी जागरणाने डोळे चुरचुरत वर्गात बसतेस आणि त्यांच्या गप्पांतलं अर्धं तुला लागत नाही. ज्या पुण्यात मन रमत नाही म्हणतेस, ते तू फक्त कॉलेजच्या वेळातच पाहिलंयस.

चतुर्थीला जा. सिंधुदुर्गातल्या मुलीला गणपतीत पुण्यात थांब म्हणण्याइतकी मी निर्दय नाही. परतीचं तिकीट आधीच काढ, नंतर उभ्याने यावं लागेल. पण तोवरचे शनिवार इथेच काढायचे, आणि त्यानंतरची फेरी एकदम दिवाळीला.

आईला फोन रोज कर, पण जेवणाआधी, ठरलेल्या वेळी. रात्री रडू फुटल्यावर नको. रडून मोकळी झालीस की तुला झोप लागते, ती मात्र तिकडे जागी राहते. ‘ये परत’ हे तिच्या तोंडून तेव्हाच निघतं.

हसणाऱ्या मुली थट्टेत हसत असतील तर त्यांना दोन मालवणी शिव्या शिकव, गट्टी जमेल. टोचून बोलत असतील तर एकदा तोंडावर सांग, ‘मला हे आवडत नाही.’ गप्प मात्र बसू नकोस. हेल सगळ्यांनाच असतो. पुणेकरांना आपला ऐकू येत नाही, इतकंच.

आणि ती लातूरची. लातूर काही पुण्याला खेटून नाही, तीही घर सोडूनच आलीय. हेडफोन म्हणजे तोराच असेल असं कशावरून? ‘रविवारी रात्री कुठे जेवायचं गं?’ एवढं विचारून बघ. चतुर्थीहून येताना आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली आण. फ्रिज लागत नाही, आणि मेसच्या बटाट्यावर उतारा म्हणून दोघींना पुरेल. किटलीत पेज शिजवायला मात्र जाऊ नकोस, वॉर्डन किटली उचलून नेतील.

हे करूनही दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, असं झालं तर कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. जगणंच नकोसं वाटलं तर क्षणभरही थांबू नकोस, सोबत कुणाला तरी घे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

सेमिस्टर संपल्यावरही बीएस्सीच करावंसं वाटलं तर मला पुन्हा लिही. वर्ष कसं वाचवायचं आणि बाबांना कसं सांगायचं, ते तेव्हा बघू.

– मावशी