आधी मान बघ

तुझं पत्र मिळालं. पेशंट तेरा वर्षांची मुलगी, उपाशीपोटीची साखर ९२, इन्सुलिन मात्र चढलेलं, आणि "तिच्या आईला काय सांगू?" रिपोर्टवर तू दोन पानं लिहिलीस. मानेबद्दल एक ओळ नाही.

आधी मान बघ. वेणी बाजूला घेतलीस की घडीत काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा बोटाला लागेल. घरी त्याला मळ म्हणतात आणि पोरं घासून घासून कातडी सोलून घेतात. रक्तात इन्सुलिन फार झालं की ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावतं, त्याची ही खूण. साखर ९२ राहिली आहे ती स्वादुपिंड जादा राबतंय म्हणून.

नुसत्या आकड्याला कवटाळू नकोस. वयात येताना ग्रोथ हॉर्मोनमुळे बारीक मुलांचंही शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. वाढ संपत आली की ते सावरतं. लठ्ठ मुलांत त्यावर चरबीतली सूज चढते. आम्ही शिकलो तेव्हा चरबी म्हणजे कोठार. १९९३ साली उंदरांमध्ये दिसलं की फुगलेली चरबी टीएनएफ-अल्फा नावाचं सूज वाढवणारं प्रथिन सोडते आणि ते इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं. (त्यावरून सोपं औषध निघेल असं वाटलं होतं. माणसांत तसं झालं नाही.) म्हणजे आळस, हावरटपणा हे निदान नव्हे. हे मी तुला सांगायला हवं का?

हवं. कारण मीच एका मुलाला सगळ्यांदेखत काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्याने वाचला, "तोंडाला आवर घाल" म्हटलं. तो कॉलर वर करून बसला होता. मी मान बघितली नाही. चार वर्षांनी आला तो साखर तीनशेपार घेऊन. तेव्हा ओपीडीत साठ पेशंट असायचे, एकेकाला चार मिनिटं. आणि मानेकडे बघ असं आम्हाला तरी कोणी शिकवलं होतं? असो. कॉलर मात्र मला दिसली होती.

तेव्हापासून माझा काटा पडद्यामागे आहे. सहकारी हसतात. हसू देत.

आईला सांग, मान घासणं आजपासून बंद. मुलीला सांग, स्नायू हलले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, त्यामुळे वजन तसूभर न हलताही आत फरक पडतो. तिला कोणता खेळ आवडतो ते विचारलंस का? तेही पत्रात नाही. पुढच्या खेपेला विचार. पण आधी मान बघ, आणि बघताना दार लोटून घे.