पहिला हात कोणाचा, हे विचारणं थांबव

चि.स अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकच वाक्य फिरून फिरून येतंय: "पहिला हात त्यानं उचलला, मग गुन्हा माझ्यावर कसा?" ठाण्यात कलम लागतं ते जखम बघून. बांधाच्या भांडणात चुलतभावानं खोऱ्याचा दांडा घातला, तुझ्या खांद्याला मुका मार बसला. ती साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र. म्हणून तुझी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. तू तोच दांडा हिसकावून त्याच्या हातावर घातलास, हाड मोडलं. मोडलेलं हाड म्हणजे गंभीर दुखापत, 117(2), सात वर्षांपर्यंत कैद; म्हणून त्याची एफआयआर. पोलिसांनी पैसे खाल्ले असं लगेच धरून चालू नकोस.

आता खरा प्रश्न. दांडा तुझ्या हातात आल्यावर त्यानं काय केलं? पुन्हा अंगावर आला, विळ्याला हात घातला, की पाठ फिरवून निघाला? तुझ्या तीन पानांत नेमकं हेच नाही! स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे, आणि त्यातलं 40 तू पाठ कर. धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो, पहिला फटका खायची वाट बघावी लागत नाही. भीती आहे तोवरच तो टिकतो. धोका संपला, हक्क संपला. पुढचा प्रत्येक फटका तुझा हल्ला, सुरुवात कोणीही केलेली असो.

जयदेव विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल वाच. तिथेही भांडण शेतावरूनच पेटलं होतं. आपल्या रानात घुसणाऱ्यापुढे पळ काढायची सक्ती कायदा करत नाही, आणि जिवावर बेतलेल्या माणसानं फटका सोन्याच्या काट्यावर तोलावा अशी अपेक्षाही ठेवत नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. पण समोरचे पळू लागल्यावर झाडलेल्या गोळ्यांना त्या हक्काचा आधार मिळाला नाही. धोका संपला, हक्क संपला.

कलम 37 ची मेख वेगळी. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. घरी जाऊन काठी घेऊन परत आलेला माणूस इथेच अडकतो. दोन्ही बाजू तयारीनं भिडल्या तर बहुतेक वेळा दोघांनाही बचाव मिळत नाही.

मी पोरांना नेभळट करतो असं गावात बोललं जातं. बोलू देत. मर्दानगीच्या नादानं बांधावरची भांडणं सेशन कोर्टात जातात, मग वीतभर जमिनीसाठी एकरभर विकावी लागते. मी हेच सांगणार.

"मी तिथे नव्हतोच" असं कोणी पढवलं तर ऐकू नकोस. असा जबाब दिलास की बचाव स्वतःच्या हातानं बुजवलास. हजर होतो, मारलं, या कारणानं मारलं, हे पहिल्या दिवसापासून एकच राहू दे. बचाव दाखवायचा भार आरोपीवर असतो, पण तो संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. शक्यतेचं पारडं तुझ्याकडे झुकलं तरी पुरतं. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासातूनही ते झुकवता येतं.

त्यासाठी कागद हवेत. खांद्याचा वळ अजून असेल तर आजच ग्रामीण रुग्णालयात जा. जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि अंदाजे वय दाखल्यावर लिहून घे. रंग बदलला की डॉक्टर वेळ सांगताना कचरतात. तारखेसह फोटो काढ. एनसीची प्रत माग. अदखलपात्र प्रकरणात तपास हवा तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (न्याय संहितेच्या नव्हे) कलम 174 खाली मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. चुलतभावाच्या जखमेच्या दाखल्याची नक्कल आपण वकिलामार्फत मिळवू. हाड पुढून मोडलंय की मागून, यावरून त्याचं तोंड कुठे होतं ते बोलता येईल.

जागेचा नकाशा हातानं काढ: बांध, विहीर, तू कुठे, तो कुठे, मधे किती पावलं. दांडा हिसकावल्यानंतरचे चार-पाच क्षण वेगळ्या कागदावर लिही, खरे असतील तसेच. तो पाठ फिरवून निघाला असेल तर तेही लिही. मला आत्ताच कळू दे, बचावाची दिशा त्यावर ठरेल.

आणि भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाक. मोजणी होईपर्यंत बांधावर एकटा जाऊ नकोस. कोयता घेऊन तर मुळीच नाही.