नव्या फ्लॅटचा ताबा घेऊन वर्षच झालंय, तरी बेडरूमच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेत. बिल्डर नुसता रंग मारून देतो म्हणतोय. काय करावं?

रंग मारू देऊ नका. आत पाणी मुरत असेल तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच, आणि पुरावाही झाकला जातो.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. फक्त पावसाळ्यात ओल दिसत असेल तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा खिडकीच्या कडा. बारा महिने असेल तर नळाचे जोड नाहीतर पलीकडचं किंवा वरचं बाथरूम. त्या बाथरूमची जाळी घट्ट बंद करून लादीवर चोवीस तास पाणी साठवून ठेवा. डाग वाढला तर दोष वॉटरप्रूफिंगचा किंवा नहाणी ट्रॅपचा (जाळीखालचं पाणी वाहून नेणारं भांडं). (वरच्या मजल्यावरचे कबूल होणं हेच खरं अवघड काम!)

कायदा तुमच्या बाजूने आहे. रेरा कायदा (घरखरेदीदार आणि बिल्डर यांच्या व्यवहारांचा केंद्रीय कायदा), 2016, कलम 14(3): ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. फोनवर बोलत बसू नका. तारखेसह फोटो काढा, ईमेल करा, सोबत पोच घेऊन स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. दाद नाही मिळाली तर महारेराकडे (या कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण) ऑनलाइन तक्रार करता येते. मात्र तुम्ही मधे बाथरूम फोडून लाद्या बदलल्या असतील तर बिल्डर तेच कारण पुढे करणार.

दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी लावू नका, पावसाळ्यात तर नकोच.